सबुरीताईंचा पोटमाळा

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेतला संगणक सांभाळणाऱ्या बाईंना सगळे सबुरीताई म्हणत. यंत्र अडो की कुणी ओरडो, हातातलं काम न थांबवता त्या म्हणायच्या, "जरा सबुरीनं." घरी मात्र नवरा हसून सांगे, की ही दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरते आणि परत वर जाऊन ते ओढून बघते. दोन्ही खरं होतं.

प्रयोगशाळेत नळीवर नाव नसे, फक्त सात आकडी क्रमांक. सहा वर्षांपूर्वी क्रमांक सहावरून सात आकड्यांवर गेले, आणि लेबलं छापणारा प्रोग्रॅम ज्या तयार पॅकेजच्या आधारानं चाले, ते जुनं पॅकेज शेवटचा आकडा गिळू लागलं. नवं पॅकेज संगणकाच्या मुख्य जागेत बसवायचं तर परवानगी हवी, आणि ती देणारे संगणक विभागाचे साहेब. त्यांना माघारी सगळे कुलूपसाहेब म्हणत. तीन अर्ज गेले, उत्तर नाही. शेवटी ताईंनी चाळीसेक ओळींचं एक अवजार स्वतःच लिहिलं. ते नवं पॅकेज मुख्य जागेऐवजी ताईंच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसवी आणि प्रोग्रॅमला बजावी, आधी इथे बघ, नाही मिळालं तरच तिकडे जा. त्याला त्यांनी नाव दिलं पोटमाळा. हळूहळू माळ्यावर आणखीही सामान चढलं. कुणाला पत्ता नव्हता.

मग ताईंची वरच्या मजल्यावर बदली झाली. लॉगिन आपल्याबरोबर येईल, असं त्या धरून चालल्या होत्या. सोमवारी अकरा वाजता संगणक विभागाचा निरोप आला, की जुनं लॉगिन बारा वाजता बंद होईल आणि त्यातलं सगळं पुसलं जाईल.

छपाई बंद पडली असती तर एक वेळ चाललं असतं. पण ती बंद पडणार नव्हती. माळा सापडला नाही, की प्रोग्रॅम मुकाट्यानं जुन्या पॅकेजकडे जाणार होता, आणि दहा-दहा माणसांच्या नळ्यांवर एकच क्रमांक पडणार होता.

त्यांनी घाईघाईनं सगळा माळा आपल्या नव्या लॉगिनच्या फोल्डरमध्ये उतरवला. पण प्रत्येक पॅकेजनं पहिल्यांदा बसवलेल्या जागेचा पत्ता मनात धरून ठेवला होता. नव्या जागीही ते जुनंच दार शोधत होतं. चोवीस वर्षांची नोकरी, आणि कागदावर एकही डाग नाही. त्या उठल्या आणि जिना उतरून साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, माझं लॉगिन बंद करू नका. त्यात मी एक गोष्ट लपवलीय."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "ते तर मघाशीच केलं, बारा वाजायची वाट नाही पाहिली. वीस मिनिटं झाली."

पुढचं काही न ऐकता ताई धावत सुटल्या. प्रयोगशाळेत म्हातारे तंत्रज्ञ मामा नळ्यांचा ट्रे उचलून यंत्राकडे निघाले होते.

"मामा, ट्रे खाली ठेवा. एकही नळी आत घालू नका."

"आज सबुरी कुठे ठेवून आलात?" मामा म्हणाले, पण ताईंचा चेहरा बघून ट्रे खाली ठेवला.

चौदा नळ्या होत्या. ताईंनी एकेक फिरवून पाहिली. पहिल्या चारांवर एकच क्रमांक, पुढच्या दहांवर एकच. आधी काही यंत्रात गेलं का, हे त्यांनी दोनदा विचारलं. नव्हतं गेलं. चौदा माणसांना परत बोलवायचं होतं, परत सुई टोचायची होती.

मागून साहेब आले. ताईंनी त्यांना पोटमाळ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी एक नळी उचलून बराच वेळ वाचली.

"तुमचे ते तीन अर्ज," ते हळू आवाजात म्हणाले, "मी उघडलेच नव्हते." मग कोरा कागद पुढे केला. "माळ्यावर आणखी काय काय होतं, ते लिहा."

ताई लिहायला बसल्या. आठ नावं भराभर उतरली. नववं होतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुठलं, ते आठवेना. पेन कागदावर टेकूनच राहिलं.

मामांनी ते पाहून छपाईयंत्राची वायर काढली, गुंडाळली आणि खिशात घातली.