धाकट्याच्या खुर्च्या आणि गायब झालेले रिव्ह्यू

माझा धाकटा भाऊ खुर्च्या दुरुस्त करतो. सोफे, दिवाण, गाडीच्या सीटा, सगळंच करतो, पण मोडकी खुर्ची हाती आली की त्याची कळी खुलते. त्याच्या तोडीचा माणूस अख्ख्या बाजारात दाखवा, मी मिशी उतरवतो. मी नववीत शाळेला रामराम ठोकला, तो माझ्याही आधी. दुकान आम्ही दोघांनी उभं केलं. तो हात चालवतो, मी तोंड.

तोंड मलाच चालवावं लागतं, कारण त्याचं कायम भरलेलं. बारीक खिळे ओठांत धरून ठेवायचे, एकेक जिभेनं पुढे ढकलायचा आणि हातोडीनं ठोकायचा, अशी त्याची पद्धत. गिऱ्हाईक काही विचारतं, हा म्हणतो, "हं." बायकोशीसुद्धा दिवसभर "हं"वरच संसार. आणखी एक खोड आहे. बैठकीच्या फटीत जे सापडेल, कानातलं, चावी, बटण, ते कागदाच्या पुडीत बांधून खुर्चीच्या हाताला दोऱ्यानं लटकवतो. मी एकदा म्हणालो, "अरे, पेनाचं टोपण कोण मागायला येणारेय?"

"हं."

समोर एका शेटनं फर्निचरचं मोठं दुकान थाटलं, तेव्हापासून आमचं गिऱ्हाईक रोडावलं. रोज टाय बांधून येतात, म्हणून आम्ही त्यांना टायवाले म्हणतो. तशात हॉस्पिटलच्या खरेदीखात्यातल्या बाई आल्या. सगळ्या मजल्यांवरच्या खुर्च्या नव्यानं मढवून हव्या होत्या. वर्षभर हात रिकामा राहणार नाही एवढं काम. जाताना म्हणाल्या, "महिनाअखेर ठरवू. आधी नेटवर तुमचे रिव्ह्यू बघते."

हे काम हुकलं असतं तर दुकानाला कुलूप, आणि धाकटा टायवाल्यांकडे नोकर. तसा निरोप त्यांनी आधीच धाडला होता. माझा भाऊ दुसऱ्याच्या दुकानात खिळे ठोकणार? माझ्या देखत?

फोन उघडून आमच्या दुकानाचं पान बघितलं, तर दोनच रिव्ह्यू! इतकी माणसं "लिहिलं हो, छान लिहिलं" म्हणून गेली होती, ती खोटं बोलली? तेवढ्यात शाळेतल्या एक बाई खुर्ची न्यायला आल्या. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. पाच तारे, खाली चांगला लांबलचक मजकूर, मागच्या खेपेला आमच्याच वायफायवर, मी सांगितला तसा लिहिलेला. मी माझा फोन शेजारी धरला. दुकान तेच, पान तेच. त्यांच्यात आहे, माझ्यात नाही.

माझ्या मनात पाल चुकचुकली.

पान काढून दिलं होतं धाकट्याच्या मेहुण्यानं, पासवर्डही त्याच्याकडेच. सरळ फोन लावला. "काय रे, आमचे रिव्ह्यू का पुसतोस?"

"दादा, दुसऱ्यानं लिहिलेलं मला पुसताच येत नाही."

"येत नाही, की पुसून झालंय?"

त्यानं फोन ठेवला. म्हणजे बघा, संशय वाढणार नाही तर काय?

मग मी बंदोबस्त केला. दारात बाक टाकला. खुर्ची न्यायला आलेल्या माणसानं आधी बाकावर बसायचं, आमचं वायफाय घ्यायचं, माझ्या डोळ्यांसमोर लिहायचं. फोन जुना असेल तर आमचा घ्या. सुचत नसेल तर मी सांगतो, "चोख काम, गोड वागणूक, एकदा अवश्य या." लिहिलं की एक उशी फुकट. उशा संपत आल्या, पण पानावर नवीन एक अक्षर नाही. एखादा रिव्ह्यू दिसायचा, दुसऱ्या दिवशी गडप.

आणि टायवाले रोज काचेच्या दाराआड फोन घेऊन उभे. आता आणखी पुरावा काय हवा? तरातरा रस्ता ओलांडून गेलो.

"आमचे रिव्ह्यू तुम्हीच खाताय ना?"

ते आधी हसले, मग फोन माझ्यापुढे धरला. "अहो, माझेच ढीगभर गेले. दुकानातल्या पोरांना लिहायला बसवलं होतं. पान चालवणाऱ्या कंपनीच्या मशीनला वास लागला, सगळे झाकून टाकले. तुम्ही कुठं लिहून घेता?"

"आमच्या बाकावर."

"नेट?"

"आमचंच."

"आणि शब्द?"

"माझेच. गोड वागणूक वगैरे."

"वर काही देता?"

"उशी."

टायवाले पोट धरून हसले. "एकाच जागेवरून, एकाच साच्यातलं, वर उशी! मशीनला वाटणारच की एकच माणूस नावं बदलून लिहितोय. लिहिणाऱ्याला स्वतःचं दिसत राहतं, म्हणून तो निवांत. बाकी जगाला दिसत नाही."

हा माणूस खरं बोलतोय कशावरून? रात्री मेहुण्याला पुन्हा विचारलं, तोही तेच म्हणाला. दोघांचं आधी ठरलेलं असेल, असंही मनात आलं. तरी उशा बंद केल्या. बाक मात्र राहू दिला.

महिनाअखेर हॉस्पिटलच्या बाई आल्या त्या थेट त्याच बाकावर बसल्या. "पानावर नवीन एकच आहे. दोन तारे." आणि वाचू लागल्या, "खुर्ची नव्यासारखी झाली. कपाटाची हरवलेली चावी पुडीत बांधून मिळाली. पण मोठे भाऊ रिव्ह्यू लिहिल्याशिवाय दारातून हलू देत नाहीत. माझी बस चुकली."

माझे कान तापले. म्हटलं, "बाई, हे कुणीतरी मुद्दाम..."

"मुद्दामच लिहिलंय. चिडून लिहिलंय. पण एवढ्या चिडलेल्या माणसालाही खुर्चीत खोट सापडली नाही. आणि चावी परत देतात, हे कुणी शिकवून लिहीत नाही." मग आत वळून धाकट्याला म्हणाल्या, "सोमवारी पहिल्या मजल्याच्या खुर्च्या पाठवते."

"हं," धाकटा म्हणाला.

त्या गेल्यावर त्यानं ओठांतले सगळे खिळे तळहातावर काढले. दिवसाढवळ्या काम चालू असताना त्यानं असं कधी केलं नव्हतं. म्हणाला, "दादा, लोकांना जाऊ देत जा. त्यांना घरी कामं असतात." आणि खिळे परत तोंडात.

बाक मी आत घेतला. हॉस्पिटलच्या खुर्च्या ठेवायला जागा हवीच होती.

पण ते दोन तारे कुणाचे, हे मी अजून शोधतोय. शाळेतल्या बाई बसनं जातात. मेहुणाही बसनंच जातो. टायवाल्यांकडे गाडी आहे, पण कपाटं त्यांच्याकडे भरपूर. परवा धाकट्याला म्हटलं, "काही म्हण, काम मिळालं त्या दोन ताऱ्यांमुळे, आणि ते तारे पडले माझ्यामुळे. तेव्हा हे काम कुणी मिळवलं?"

त्यानं एक खिळा ठोकला, दुसरा जिभेनं पुढे आणला.

"हं."