लिहून बघू का?

कोपरगावात आमचं लग्नाच्या व्हिडिओंचं दुकान आहे. तिथं कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या एका गृहस्थासमोर ‘हळू’ म्हणायची सोय नाही. “डिस्क हळू चाललीय,” म्हटलं की विचारणार, “किती हळू? मोजल्याबिगर बोलू नका, भाऊ.” मग वेग मोजायचं सॉफ्टवेअर लावून, मांडी घालून आकडे बघत बसणार.

त्या दिवशी नवरीचे मामा लग्नाची फिल्म न्यायला दारात उभे. फिल्मची एकुलती एक प्रत दुकानातल्या डिस्कवर, आणि डिस्क इतकी हळू की पेनड्राइव्हवर काही उतरेना, म्हणून या गृहस्थाला बोलावलं.

“नुसतं वाचून बघू, का लिहून बी बघू?” त्यानं विचारलं. “लिहिलं तर आतलं...”

मला वाटलं, हा रिपोर्ट लिहून देतोय. मी खेकसलो, “लिहा हो, काय लिहायचं ते! पण उरका!”

तो मान डोलावून कामाला लागला. बऱ्याच वेळानं त्याचा चेहरा फुलला. “डिस्क खणखणीत हाय, भाऊ! या टोकापासून त्या टोकापत्तूर लिहून बघितली. खराबी तुमच्या वायरीत हाय.”

“आणि लग्न?”

“त्याच्यावरच तर लिहिलं. आतलं समदं पुसलं गेलं. तुमी म्हनला न्हवं?”

मामांनी दारातूनच हाक मारली, “झालं का हो लग्न?”

मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, “न्हाई, मामा. पुन्यांदा लावावं लागंल.”