उसात शिरलेली विहीण

आमच्याकडं हळदीला नवऱ्याकडच्या बायका विहिणीला गाण्यातून चिडवतात. विहिणीनं मात्र लगेच तोंड उघडायचं नसतं. तिनं उत्तर द्यायचं ते दुसऱ्या दिवशी, अक्षता पडल्यावर. ही रीत आम्ही गावच्या रेडिओवरही पाळली, बघा. रेडिओ म्हणजे शाळेमागची एक खोली, पण आसपासच्या सगळ्या गावांत ऐकू जातो.

सोमवारी माझ्या थोरल्या जाऊबाई गायल्या: विहीण उसात शिरली, परत आली तवा चोळी उलटी. मंगळवारी मी विहिणीचं उत्तर गायले: उसात शिरले ते तुमचंच सुटलेलं वासरू शोधाया, अन् चोळी उलटी झाली ती तुमच्या वऱ्हाडाला भाकरी थापाया अंधारात उठले म्हणून!

कुणीतरी सोमवारचंच ऐकलं आणि तक्रार केली. सरकारी नोटीस आली, कार्यक्रम बंद. रेडिओवरच्या मुलीनं ती घरी येऊन वाचून दाखवली.

"अश्लील म्हंजी काय गं?" जाऊबाईंनी विचारलं.

पोरगी खाली बघत म्हणाली, "घाण, आजी."

झालं. जन्मभर भावकीतल्या हळदी गाजवलेली ही बाई गप्पच झाली. नातवाचं लग्न तोंडावर आलं, तरी म्हणायच्या, "मी न्हाई गायची. माझं तोंड घाण हाय म्हणून सरकारनंच लिवलंय."

"आवं, सरकार काय हळदीला येतंय व्हय?" मी म्हटलं. हसल्या नाहीत. मग मी नुसती त्यांच्या केसांना तेल लावत बसायचे.

रेडिओवाले हायकोर्टात गेले. वकीलबाईंनी दोन्ही दिवसांची गाणी एकामागून एक ऐकवली. कोर्टानं नोटीस रद्द केली. सरकारला नियम करता येतात, म्हणे, पण अर्धंच ऐकून, समोरच्याला न विचारता कुणाचा आवाज बंद करता येत नाही.

वकीलबाईंनी हे फोनवर सांगितलं तशी मी आनंदानं ओरडलेच. जाऊबाईंनी फोनला तोंड लावून विचारलं, "ताई, जज्जसायेब हसलं का?"

"सोमवारच्या गाण्याला नाही, आजी. भाकरीचं आलं तेव्हा मात्र तोंडावर हात धरला त्यांनी."

"म्हंजी हिचंच गाणं चाललं! माझ्या उसाला कुणीच हसलं न्हाई?" बाई फणकारल्या आणि तिथंच मांडी घालून नातवाच्या हळदीचं नवं गाणं जुळवायला लागल्या.

मी सरकून जवळ बसले, तर म्हणाल्या, "तू ऊठ हितनं. आत्ताच ऐकशील अन् विहिणीचं उत्तर तयार ठेवशील."