शिंदेमामांनी जेसीबीची किल्ली काढली तेव्हा

परवा इटलीत जमिनीखाली सापडलेल्या रोमन रथाचा फोटो पाहिला… मिरवणुकीचा रथ, चाकांसकट. घरचे सगळे थक्क झाले, मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. नव्वदच्या दशकात दुबईजवळच्या उम्म अल कुवैनला माझ्यासमोरही असंच काहीतरी जमिनीतून वर आलं होतं.

मी तेव्हा पाण्याच्या पाइपलाइनच्या साइटवर सुपरवायझर होतो. लग्नाला वर्ष झालेलं, बायको चिपळूणला. तिच्या व्हिसाचे कागद सहीसाठी मॅनेजरच्या टेबलावर पडून होते…

जेसीबीवर कोरेगावकडचे शिंदेमामा होते. सकाळी दहाच्या सुमारास त्यांनी बकेट हवेतच थांबवली आणि मला हाक मारली. चरात उतरून पाहिलं तर हाडं… लांब जबडा, मोठे दात. घोडा होता. तोंडाशी हिरवा पडलेला धातूचा लगाम आणि कपाळावर पिवळ्याधमक चकत्या.

वायरलेसवर मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, उंटाची हाडं असतील, वाळू लोट, संध्याकाळपर्यंत पाइप पडला पाहिजे, यल्ला, आटप. असं काही सापडलं की काम थांबवून म्युनिसिपालिटीला कळवायचं, हा नियम मला माहीत होता. पण डोळ्यांसमोर ते कागद होते… मी मामांना म्हटलं, "बुजवा."

मामांनी मशीन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात टाकली.

"साहेब, ह्याला कुणीतरी सजवून पुरलंय. माझ्या हातनं न्हाई व्हायचं. मला घरी धाडलं तरी चालंल."

त्यांच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती, हे मला ठाऊक होतं.

 पिकअप काढली आणि म्युनिसिपालिटीत गेलो… रस्त्यात दोनदा वाटलं, गाडी मागे वळवावी.

तिथल्या अधिकाऱ्याने माझं लेबर कार्ड ठेवून घेतलं आणि कुठे बाहेर जायचं नाही म्हणून बजावलं. काम बंद. तीन दिवस ऑफिसच्या दारात बसून काढले. मॅनेजर समोरून जायचा, पण बघायचाही नाही… चकती एखादी कमी भरली आणि चोरीचा आळ आला तर?

चौथ्या दिवशी साइटवर बोलावणं आलं. म्युनिसिपालिटीने बोलावलेल्या, उत्खनन करणाऱ्या बाईंनी सगळं दाखवलं… सोन्याच्या चकत्या लावलेला साज आणि घोड्याच्या पायाशी काचेची इवलीशी बाटली. ती बाटली रोमन होती, दोन हजार वर्षांपूर्वी जहाजातून आलेली. साजावरची एकही जागा रिकामी नव्हती, चकत्यांची मोजणी बरोबर भरली होती. अधिकाऱ्याने कार्ड परत दिलं, वर चहाही पाजला.

लाइन थोडी वळवली, कंपनीला मुदत वाढवून मिळाली. मॅनेजरने व्हिसाच्या कागदांवर सही केली. महिन्याभराने बायको आली.

मग कंपनीला म्युनिसिपालिटीकडून आभाराचं पत्र आलं. त्यात माझ्या एकट्याचं नाव होतं… ऑफिसात टाळ्या वाजल्या. 'बुजवा' म्हणणारा मीच होतो, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही. मामाही कधी कुणाला बोलले नाहीत. दोन वर्षांनी ते कायमचे गावी गेले, तेव्हाही मी गप्पच होतो.

मामा आता नाहीत. म्हणून निदान इथे तरी नीट लिहून ठेवतो… तो घोडा ज्ञानदेव शिंदे यांनी वाचवला. मी फक्त गाडी चालवली.