प्रांजलचा भरलेला डबा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी घातलेला घोळ ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातात पोरं द्यायची की नाही, याचाच विचार कराल.

मी पिंपळगावच्या शाळेत गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. मध्यंतरी आम्हा शिक्षकांना नाशिकला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. मुलांच्या मनातलं दुःख कसं ओळखायचं, त्यांना बोलतं कसं करायचं, असं सगळं. शेवटी सांगितलं, "मूल बोलत नसेल तर आधी स्वतःचं थोडं सांगा. मग ऐका."

यातलं पहिलं वाक्य मी व्यवस्थित लिहून घेतलं.

परत येते तर काय, सहावीतली प्रांजल गप्प! एरवी ही पोरगी पाढे म्हणतानासुद्धा शेजारणीशी गप्पा मारणारी. मी तिला मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत बसवलं.

"काय झालं बाळा? घरी कुणी रागावलं?"

आता गणिताच्या शिक्षकाची सवय तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न विचारायचा, दोन सेकंद थांबायचं आणि उत्तर आपणच फळ्यावर लिहून मोकळं व्हायचं.

"रागावले असतील. रागावतातच गं," मी म्हणाले आणि स्वतःचं थोडं सांगायला घेतलं. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, फोनच करत नाही. प्रांजल मान डोलवत होती. काय ऐकते पोरगी! घंटा झाली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं! म्हटलं, जमतंय की आपल्याला!

मग दर मंगळवारी आणि शुक्रवारी आमची बैठक. सासूबाई झाल्या, गुडघे झाले. एकदा तर मी रडले. प्रांजलने उठून पाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात तिची आई फाटकापाशी भेटली. "मॅडम, पोरगी मधूनमधून डबा भरलेलाच परत आणते. काय झालं असंल?"

अन्नावरची वासना उडाली! मी तातडीने बैठक रोजची केली.

आता डबा रोज भरलेलाच घरी परत जायला लागला. शेवटी आई द्राक्षांच्या पॅकहाऊसमधून अर्धा दिवस खाडा करून थेट मुख्याध्यापिकांकडे आली; त्यांनी प्रांजलला आणि मला बोलावून घेतलं. आईच्या डोळ्यांत पाणी. "लय भ्या वाटतंय ओ. डॉक्टरला दाखवू का?" मीही धास्तावले. पोरीचं काही बरंवाईट झालं तर?

मी प्रांजलला जवळ घेतलं. "भूक लागत नाही का गं? नसेलच लागत. मनावर एवढं..."

"मॅडम," मुख्याध्यापिका म्हणाल्या, "दोन मिनिटं गप्प बसाल?"

बसले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"भूक लय लागते," प्रांजल म्हणाली. "पण मधल्या सुट्टीत मॅडम बोलत असतात. रडतात पण. त्यांच्यापुढं डबा कसा खाणार? बरं दिसत नाय ना."

"आणि आधी गप्प का होतीस?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"तोंड आलं होतं. दोन दिवसात बरं झालं."

आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे फार मायेने पाहिलं. ते जास्त लागलं.

मुख्याध्यापिकांनी शांतपणे समुपदेशनाचा छापील फॉर्म काढला. 'कोणाला मदत दिली' या रकान्यात माझं नाव लिहिलं. 'मदत करणारी व्यक्ती' इथे लिहिलं, प्रांजल, इयत्ता सहावी. मग पेन माझ्याकडे करून म्हणाल्या, "फरक पडला का, ते तुम्हीच लिहा."

मी लिहिलं, "खूप."