इस्त्रीचा प्लग

जळालेल्या मोटरी पुन्हा वाइंड करून देणं हा सावकाशरावांचा धंदा. पाण्याचे पंप, गिरणीच्या मोटरी, पंखे, येईल ते. "कधी मिळेल?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की उत्तर ठरलेलं, "सावकाश." त्यावरून गल्लीने त्यांचं नाव पाडलं आणि खरं नाव बहुधा लाइटबिलावरच उरलं. माणूस चालायचा सावकाश, जेवायचा सावकाश. लग्नाचा विचार तर इतक्या सावकाश केला की ते राहूनच गेलं. आणि असल्या माणसाला वेड कसलं, तर हातभर लांबीच्या रिमोटवरच्या बोटींचं, त्याही ताशी दीडशे किलोमीटरच्या वर पळणाऱ्या! गल्लीला याचं हसू यायचं, आणि मलाही येतं.

घर मोठ्या भावाचं. भाऊ बसडेपोत कामाला, वहिनी घरी शिवणकाम करायच्या, आई खिडकीशी बसून सगळ्यांच्या चुका काढायची. मागच्या खोलीत अर्ध्या भागात वहिनींची दोन मशीनं आणि इस्त्रीचं टेबल, उरलेल्या अर्ध्यात सावकाशरावांची बोट आणि तिचं सामान. खोलीत प्लगपॉइंट एकच. तो आळीपाळीने वापरायचा, असा दीर-भावजयींचा वीस वर्षांचा तह होता.

आता, या बोटींच्या बॅटऱ्या कोमट असल्या की जास्त जोर देतात. त्यासाठी गरम पेटी मिळते. सावकाशरावांनी ती कधी घेतली नाही, कारण वहिनींची इस्त्री संपली की टेबलावरचं जाड ब्लँकेट चांगलं तासभर ऊबदार राहायचं. फुकटची ऊब, कोण सोडतो?

एका दुपारी वहिनी इस्त्रीचं बटण बंद करून गणवेशांचा एक गठ्ठा शाळेत पोचवायला गेल्या. सावकाशरावांनी इस्त्रीचा प्लग स्वतःच्या हाताने काढला, तिथे चार्जर लावला आणि बॅटरी ब्लँकेटमध्ये गुंडाळून चार्जिंगला ठेवली. बॅटरी एका बाजूने किंचित फुगली होती. फुगलेली बॅटरी लगेच टाकून द्यायची, हे ते बोटवाल्यांच्या क्लबमधल्या प्रत्येक नवशिक्याला दम देऊन सांगत. पण ही त्यांची सगळ्यात दमदार बॅटरी. एकदाच, शेवटचं, असं म्हणून ते कोपऱ्यावरच्या दुकानात सोल्डरची तार आणायला गेले.

परत आले तेव्हा शेजारी बादल्या घेऊन धावत होते. चाळीस गणवेश, एक मशीन, टेबल आणि भिंतीवर टांगलेली त्यांची बोट, सगळ्याचा कोळसा झाला होता. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. भाऊ डेपोतून धापा टाकत आला, टेबलाच्या राखेत वितळलेली इस्त्री पाहिली आणि वहिनींवर ओरडला, "चालू ठेवून गेलीस?"

"बंद केली होती," वहिनी म्हणाल्या. मग आपल्याच हाताकडे पाहत राहिल्या. "केली होती ना?" रोज होणारी गोष्ट नेमकी आज केली की नाही, हे कुणाला छातीठोकपणे सांगता येतं?

सावकाशरावांना येत होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

बरं, नुसतं मूग गिळून बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी वहिनी डोळे पुसत त्यांच्यापाशी आल्या, म्हणाल्या, "भाऊजी, तुमची बोट गेली हो माझ्यामुळे." तर हे काय म्हणाले? "जाऊ द्या, वहिनी. चूक कुणाच्याही हातून होते." यांनी वहिनींना माफ केलं! वितळलेला चार्जर मात्र बोटीच्या राखेबरोबर पोत्यात भरून ते स्वतः टाकून आले. त्या कामात ते सावकाश नव्हते.

शाळेने वहिनींना गणवेश देणं बंद केलं. इस्त्री विसरणाऱ्या बाईंकडे पोरांचे कपडे कशाला, असा निरोप आला. भावाने नवी इस्त्री आणून दिली, ती वहिनींनी खोक्यातून काढलीसुद्धा नाही. पाहुणे आले की भाऊ हसत म्हणायचा, "आमच्याकडे जरा जपून बसा बरं का, कधी काय पेटेल नेम नाही." आई दिवसातून चारदा विचारायची, "बटण पाहिलंस का गं?" आणि वहिनी बाहेर निघाल्या की वळणावरच्या विजेच्या खांबापर्यंत जायच्या, थांबायच्या, परत यायच्या, घरातली सगळी बटणं पाहायच्या आणि मग पुन्हा निघायच्या. घराच्या खिडकीतून आणि सावकाशरावांच्या कामाच्या जागेवरूनही तो खांब दिसायचा. वहिनी खांबाशी थांबल्या की ते मान खाली घालून मोटरीच्या तारेचे वेढे पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. आज सांगू, उद्या सांगू, करता करता चौदा महिने गेले.

त्यातच वहिनींनी ठरवलं की भाऊजींची बोट आपण भरून द्यायची. बोटीचं अंग तयार करताना साच्यात काचेचं कापड अंथरून त्यावर रेझिन नावाचा, वाळून कडक होणारा डिंक फासतात. सावकाशरावांच्या कापडाला कोपऱ्यात चुण्या पडत, चुणीत रेझिन साचे आणि बोट जड होई. वहिनींनी साचा नीट पाहिला, बाही बेतावी तसा कागद बेतला, खाचा दिल्या आणि कापड असं बसवलं की एक चुणी दिसेना. बोटांना खाज सुटली, कातडी सोलली, तरी दोनदा बिनसलं तेव्हा तिसऱ्यांदा बसल्या. दुसऱ्याच्या पापाचं प्रायश्चित्त चाललं होतं ते. आणि सावकाशराव? बोट तराजूवर ठेवून, पावपट वजन कमी भरलं म्हणून मनात खूश झाले. त्या खुशीची त्यांना जेवढी लाज वाटली, तेवढी आगीचीही वाटली नव्हती.

क्लबच्या वेगमोजणीचा दिवस उजाडला. तळ्यावर शंभर मीटरची रेघ आखलेली. बोट एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे पळवायची, दोन्ही फेऱ्या अर्ध्या तासात, आणि सरासरी धरायची. हातभर लांबीच्या बोटींच्या गटातला विक्रम ताशी एकशे चौसष्ट किलोमीटरचा. बोट पाण्यात सोडायला वहिनीच, कारण त्यांच्याइतकी सपाट ती कुणालाच सोडता येत नसे.

पहिली फेरी झाली. क्लबचे घड्याळमास्तर चष्मा कपाळावर सरकवून ओरडले, "एकशे एकाहत्तर!" लोक टाळ्या पिटायला लागले. वहिनी हसल्या, चौदा महिन्यांत पहिल्यांदा मनापासून. बोट काठाला आली. त्यांनी झाकण उघडून बॅटरी बाहेर काढली.

"भाऊजी, केवढी तापलीय ही. आणि एका बाजूने फुगलीय. ठेवू माझ्या पिशवीत?"

"नको!" सावकाशराव किंचाळलेच. "वाळूच्या बादलीत टाका, आधी टाका!"

वहिनींनी टाकली. "का हो? काय होतं?"

"पेटते कधी कधी."

"कशाने?"

"आपोआप."

वहिनी शिवणकाम करणाऱ्या. दोन तुकडे कुठे जुळतात, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्या बोट छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी होती का अशी, माझ्या टेबलावर?"

'नव्हती' म्हटलं असतं तर संपलं असतं. दुसरी बॅटरी डब्यात कोमट होऊन तयार होती. बावीस मिनिटं हातात होती.

"होती," सावकाशराव म्हणाले.

"आणि इस्त्री?"

"बंद होती. प्लग मीच काढला होता, वहिनी. चार्जर लावायला."

वहिनींनी बोट गवतावर ठेवली, हलकेच, तिचा तळ घासू नये अशी. हात पदराला पुसले आणि चालत जाऊन गाडीत बसल्या. घड्याळमास्तर म्हणाले, "अहो, मी सोडतो बोट, चला, वेळ जातोय!" सावकाशरावांनी मान हलवली. ते बोटीशेजारी गवतावर बसून राहिले आणि अर्धा तास निघून गेला. खरं सांगायचं तर त्यांना थोडं हलकं वाटत होतं. आपणही काहीतरी गमावलं, असं.

ते हलकेपण गाडीपर्यंतच टिकलं. "दुसऱ्या कुणी सोडली असती की," वहिनी समोर बघत म्हणाल्या. "का नाही पळवलीत?"

"तुमच्याशिवाय कशी पळवू, वहिनी?"

"रेकॉर्ड सोडलं म्हणजे फिटलं, असं मनात असेल तर काढून टाका. बोट मी केली होती. तेही माझंच घालवलंत."

सावकाशरावांनी बोट मागे ठेवली आणि ते घरी निघाले.

घरी भाऊ पेपर वाचत होता, आई खिडकीशी. वहिनींनी माळ्यावरून खोकं काढलं, जेवणाच्या टेबलावर चादर दुमडून अंथरली आणि भावाचा डेपोचा शर्ट घेतला. इस्त्रीचा प्लग लावला. भावाने पेपर खाली केला.

"भाऊजी, बोला," वहिनी म्हणाल्या.

सावकाशराव बोलले. बॅटरी, ब्लँकेट, प्लग, पोतं, आणि ते "जाऊ द्या, वहिनी"सुद्धा. तेवढ्यात वहिनींची कॉलर झाली, दोन्ही बाह्या झाल्या. भाऊ दोनदा काहीतरी म्हणायला गेला आणि दोन्ही वेळा त्याला बायकोकडे पाहवेना. आई म्हणाली, "अगं, मग तू तरी तेव्हा ठासून सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं, आई. ऐकलं कुणी?"



"उद्या शाळेत," वहिनी सावकाशरावांना म्हणाल्या. "तिथेही तुम्हीच सांगायचं. मी शेजारी उभी राहीन." त्यांनी शर्टाची घडी घातली, इस्त्रीचं बटण बंद केलं, प्लग काढला, पिशवी घेतली. "धागा आणायला जाते."

सावकाशराव सवयीने खिडकीशी गेले. वहिनी चालत खांबापाशी पोचल्या. थांबल्या नाहीत. वळल्या आणि दिसेनाशा झाल्या.

सावकाशराव टेबलापाशी आले. प्लग निघालाय ना, ते पाहिलं. दारापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा पाहिलं.