जिवंत कवीची श्रद्धांजली

नव्वदच्या आसपास धुळ्यात, देवपूरमधल्या एका खोलीत आम्ही खानदेशातल्या लेखकांचा कोश करत होतो. संपादक निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांचा नियम एकच: छापील आधार नसेल तर नोंद नाही. लेखकानं स्वतः येऊन सांगितलेलंही चालत नसे. "माणूस स्वतःबद्दल काहीही सांगतो," म्हणायचे.

शहरातल्या लेखकांचे एकसष्टीचे गौरवअंक होते, त्यांचं भागलं. अडलं ते शिरपूरच्या वर, सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या पावरा कवीचं. त्यांचे दोन संग्रह टेबलावर होते, पण त्यांच्याविषयी कुणी चार ओळी छापल्या नव्हत्या. ते गळले असते तर कोशात एकही आदिवासी लेखक उरला नसता.

एका साप्ताहिकाचा मालक माझा मित्र होता. म्हटलं, यांचा परिचय छाप.

"कशानिमित्त? निवडणुकीला उभे आहेत?"

"नाही."

"मग जागा नाही. वारले असते तर श्रद्धांजली टाकली असती. तेवढा कोपरा आज मोकळा आहे."

मी तिथंच बसून श्रद्धांजली लिहिली. पाडा, संग्रह, गाणी, सगळं बिनचूक. चूक एकच होती.

सर खूश झाले. वाटलं होतं, ते पुस्तकांपुरतं घेतील. त्यांनी मृत्यूही घेतला. खरं सांगितलं तर आधार जाणार, म्हणजे नोंदही जाणार. गप्प बसलो.

कोश निघाला. पुढं जळगावच्या साहित्य संमेलनात त्यातूनच नावं घेऊन दिवंगतांच्या श्रद्धांजलीचा ठराव झाला. सगळे उभे राहिले. मान खाली घालून मागं पाहिलं, तर तेच पाड्यावरचे कवी, आबा, टोपी काढून शांत उभे.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं.

"आबा, तुम्ही उभे राहिलात?"

"बठ्ठा उभा राह्यनात, मी बी राह्यनू. एकटं बसनं बरं दिसतं का?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी बशीतला चहा संपवला.

"पाडानं नाव बरोबर लिखं तुमी. आते माले जित्ता करा."

दुसऱ्या दिवशी त्यांना देवपूरला नेलं. सरांनी श्रद्धांजली कुणी लिहिली ते ऐकून घेतलं आणि आबांना खुर्ची दिली. "आपण जिवंत आहात हे मला दिसतंय. छापील काही आहे?"

मित्राकडे गेलो. तो म्हणाला, "जिवंत असणं ही बातमी होत नाही रे."

शेवटी आबांनीच मार्ग काढला. वर्षभरात तिसरा संग्रह काढला. "आते तं मानतीन ना तुमना सर?"

सरांनी कोशाच्या पुरवणीत नोंद घेतली: 'तिसरा संग्रह, मरणोत्तर प्रकाशित.'

आबा त्यानंतर पुष्कळ जगले. पाकिटावर 'कै.' लिहिलेलं निमंत्रण आलं की ते माझ्याकडे पाठवून द्यायचे, वर लिहून: 'हाई तुमनं शे.' माझंच होतं ते.

आता सर नाहीत, मित्र नाही, आबाही खरोखर गेले. ती श्रद्धांजली मी लिहिली आणि ती खोटी होती. हे छापलं गेलं, तर निदान तेवढ्याला आधार होईल.